रायवळावर दोर टाकण्याआधी

झाडावर चढायला कोकणात कुणी कुणाला शिकवत नाही. आठ-दहा वर्षांचं पोर आंब्याच्या बुंध्याला मिठी मारतं, बेचक्यात पाय रोवतं, आणि खालून आजी ओरडते, "घट्ट धर रे मेल्या, सोडू नको!" मीही असाच शिकलो. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर दोर आणि हार्नेस, म्हणजे कंबर-मांड्यांना आवळायचे पट्टे, बांधून झाड चढायला शिकू लागलो, तेव्हा शिकवणाऱ्याचं पहिल्याच तासाचं वाक्य काही माझ्या पचनी पडेना. तो म्हणाला, "वर गेल्यावर घाबरलास तर आधी एकच काम करायचं. हात सोडायचा."

त्याचं बरोबर होतं. का, ते उतरण्याच्या भागात येईल. गुहागरजवळ आमची वाडी आहे, मागच्या उतारावर चार जुने रायवळ आंबे आणि एक चिंच. मी शिकलो तो तिथे, आणि आता सुट्टीत येणाऱ्या पुतण्यांना, त्यांच्या मित्रांना शिकवतो तोही तिथेच. ज्यांनी कधी हार्नेस अंगाला लावलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक अट मात्र आहे. नुसतं वाचून चढायचं नाही. पहिल्या चार-पाच वेळा दोरावरचं काम हाताने केलेला माणूस शेजारी उभा हवा. असा कुणी ओळखीत नसेल तर आपल्या भागातल्या गिर्यारोहणाच्या मंडळात चौकशी करा. झाड त्यांना नवं असेल, पण हार्नेस, कॅराबिनर (दोर अडकवायची, दार असलेली धातूची कडी) आणि गाठी त्यांना पाठ असतात.

छंद म्हणून झाड चढण्याचा हा प्रकार अमेरिकेतला. पीटर जेंकिन्स नावाचा कडे चढणारा माणूस पोटासाठी झाडं छाटायचं काम करत होता. १९८३ मध्ये त्याने अटलांटा शहरात साध्या हौशी लोकांना झाडछाटणीवाल्यांच्या दोरांवरून झाडं चढायला शिकवण्याची संस्था काढली. बुटाला लोखंडी काटे लावून बुंध्यात खुपसत जाणं या प्रकारात बसत नाही. त्याने झाडाला जखमा होतात. इथे वरच्या फांदीवरून दोर घ्यायचा आणि स्वतःचं वजन त्या दोरावर घेत वर सरकायचं. बुंध्याला हात लागला तरी चालतो, नाही लागला तरी चालतो.

आमच्या काकांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे झाड चढायचं, पण झाडाला न शिवता? सोवळं आहे काय?"

झाड कुठलं घ्यायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. मी तरी घालतो. दोर, गाठी, हार्नेस हे सगळं विकतचं किंवा शिकण्याचं आहे. फांदी मात्र आहे तशीच घ्यावी लागते.

नारळ आणि पोफळ आधीच बाद. त्यांना फांदीच नाही, दोर टाकणार कशावर? माडावर चढणं ही वेगळी विद्या आहे आणि ती पायात फास अडकवून चढणाऱ्या गड्यांकडूनच शिकावी. हापूसची कलमं दिसायला सोपी वाटतात, पण ती बुटकी, खालपासून फांद्यांची आणि मालकाच्या जिवापलीकडली. शेवगा आणि पांगारा यांच्याकडे बघूसुद्धा नका, मोडायला त्यांना कारण लागत नाही. काजू बुटका आणि वाकडा. राहिले रायवळ आंबा, चिंच, मोठा फणस. रायवळ म्हणजे कोयीपासून वाढलेलं झाड, त्यामुळे सरळ, उंच बुंधा आणि वर जाड फांद्या. नवशिक्याला मला विचाराल तर चिंच. लाकूड चिवट, फांद्यांची ठेवण मोकळी. संध्याकाळनंतर चिंचेखाली जायचं नाही असं घरचे सांगतील, ते ऐका. अंधारात कुठल्याच झाडावर चढायचं नसतं.

आता झाडाभोवती एक फेरी मारा. घाईघाईने नाही, देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी. मुळापासून सुरुवात करा. कोकणात बऱ्याच ठिकाणी हातभर मातीखाली जांभा लागतो, आणि कातळावरच्या झाडाची मुळं खोल जाण्याऐवजी पसरतात. एका बाजूची माती भेगाळून उचललेली दिसली तर झाड कलतं आहे असं समजा. बुंध्याला बुडाशी कठीण, कंगोऱ्यासारखी भूछत्रं फुटली असतील तर आतून कुजलं आहे. लाकडी हातोडीने बुंध्यावर ठोकत फिरा. भरीव आवाज आणि डब्यासारखा पोकळ आवाज यातला फरक कान लगेच ओळखतो. आंब्यावर भिरूड बघा: सालीतल्या भोकांतून ओला भुसा बाहेर येऊन खाली सांडलेला असतो. बांडगुळंही बघा. आंब्याच्या हिरव्या पानांत वेगळीच, जाडसर पानं झुपक्याने दिसली, की ती फांदी बांडगुळाने पोखरायला घेतली आहे. तिच्यावर दोर नको.

वादळातून वाचलेल्या झाडांकडे जरा संशयाने बघा. ३ जून २०२० चं निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते, या दोन वादळांत किनाऱ्यावरची किती झाडं आडवी झाली ते आपण बघितलं. उभी राहिली ती सगळी धडधाकट आहेत असं नाही. काहींच्या बेचक्यात तेव्हा पडलेली चीर नंतर सालीने झाकली गेली. दोन जाड फांद्या अगदी चिकटून, अरुंद कोनात वर जात असतील आणि मध्ये साल आत दुमडलेली दिसत असेल, तर तो सांधा कच्चा. मोकळ्या, रुंद कोनाचं बेचकं पक्कं.

ज्या फांदीवरून दोर जाणार ती जिवंत हवी, आणि दोर बसतो तिथे किमान १५ सेंटिमीटर जाडीची. खालून मोजता येत नाही, म्हणून माझा अंदाज असा: मोठ्या माणसाच्या मांडीएवढी दिसली तर चालेल, पोटरीएवढी दिसली तर नको. दोर बुंध्याला लागून, बेचक्याजवळ बसला पाहिजे. फांदीच्या टोकाकडे जितकं जाल तितकं तिला तुमचं वजन जड.

वर बघताना विजेच्या तारा बघायच्या हे सांगायला नको, तरी सांगतो. झाड, दोर, दोर वर न्यायला फेकायची पिशवी आणि तुम्ही, यांतलं काहीही तारेपासून ३ मीटरच्या आत येणार असेल तर ते झाड सोडा. गावात तारा फांद्यांमधूनच गेलेल्या असतात आणि "बंद असते हो ती लाइन" असं सांगणारा एक जण तिथे हमखास असतो.

मग रहिवासी. आग्या मोहोळ दिसलं की विषय संपला, त्या झाडाच्या आसपासचं झाडही नको. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. गांधीलमाश्यांचं पोळं पानाआड असतं, म्हणून दुर्बीण असेल तर लावा. ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असू शकते. उन्हाळ्याच्या तोंडाशी नर तोंडात फळ घेऊन पुन्हा पुन्हा एकाच ढोलीकडे येताना दिसला की ओळखा. समुद्राजवळच्या उंच झाडावर काटक्यांचा मोठा ढीग असेल तर तो सागरी गरुडाचा असू शकतो. घरट्याचं झाड म्हणजे आपलं नाही, कायद्यानेही नाही.

आणि ओंबील. पानं शिवून चेंडूएवढी घरटी करणारे ते तांबडे मुंगळे. माझ्या दुसऱ्याच चढाईत मी दोर ज्या फांदीवरून घेतला तिच्या टोकाला त्यांचं घरटं होतं. पाच मीटरवर असताना पहिला मुंगळा मनगटावर आला, मग दोराची वाट सापडल्यासारखी सगळी ओळच खाली आली. ओंबील चावते आणि चावल्या जागी आम्ल सोडते. दोन्ही हात दोरावर, कॉलरमध्ये दहा-बारा मुंगळे, आणि खाली पुतण्या विचारतोय, "काका, नाचताय का?" तेव्हापासून दोर टाकण्याआधी मी पानं शिवलेली दिसतात का ते शेवटच्या फांदीपर्यंत बघतो.

कुणाला विचारायचं

मालकाला. पण कोकणात मालक म्हणजे एक माणूस नव्हे. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली बारा मुंबईत. गावात राहणारा जो वाडी सांभाळतो त्याचा होकार घ्या, आणि आंबा कराराने दिला असेल तर करारवाल्यालाही विचारा. देवराईतलं, राखणदाराचं किंवा पारावरचं झाड मागूही नका. आमच्या चिंचेवर पहिल्यांदा दोर टाकण्याआधी काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मला त्याने काही अपाय झाला नाही, आणि वाडीतल्यांची कुरकुर मात्र थांबली.

पैसे घेऊन लोकांना चढवण्याचा विचार असेल तर राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आधी वाचा. नोंदणी लागते. घरच्या घरी शिकणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

केव्हा

पावसात नाही. साल शेवाळलेली, दोर ओला, वर वीज. ओल्या दोरावर गाठीची पकड बदलते आणि नायलॉन भिजलं की त्याची ताकदही थोडी कमी होते. दसरा-दिवाळी झाली, झाडं वाळली, की मोसम सुरू. पण आंब्याची गोष्ट वेगळी: मोहर धरला की झाडाला हात लावू देणारा मालक अजून जन्माला यायचा आहे, आणि त्याचं चुकत नाही. म्हणून नोव्हेंबरात आंबा, मोहर आला की चिंच, चिंचा काढायला आल्या की दुसरं काही, असं मी करतो.

दिवसातली वेळ सकाळची. अकरा-बाराच्या सुमाराला समुद्रावरचा वारा सुटतो आणि शेंडे हलायला लागतात. सातला दोर वर, साडेदहाला खाली, मग आंबोळी.

सामान

पहिला मोह बंदरावरच्या दोराचा. मासेमारीचा हिरवा-निळा दोर स्वस्त, जाड, आणि "ट्रॉलर ओढतो हो" म्हणून दुकानदार शपथ घेतो. तो घेऊ नका. तो माणसाच्या जिवासाठी तपासलेला नसतो, आणि गाठीच्या घर्षणाने वितळतो. सुंभ तर नाहीच.

दोर हवा कमी ताणाचा, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, ज्यावर ईएन १८९१ प्रकार ए हे युरोपियन मानक छापलेलं आहे. असा दोर किमान २२ किलोन्यूटन ओढ सोसतो. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलोचा भार, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. कडे चढताना वापरतात तो ताणला जाणारा दोर इथे उपयोगाचा नाही, त्यावर तुम्ही रबरावर लटकल्यासारखे वरखाली होता. लांबी फांदीच्या उंचीच्या दुपटीहून जास्त लागते, कारण दोर वर जाऊन परत खाली येतो. १५ मीटरवरच्या फांदीसाठी ४० मीटर घ्या.

हार्नेस बसून काम करता येईल असा, मांड्यांखाली रुंद पट्ट्यांचा. कड्यावरचा अरुंद हार्नेस चालतो, पण वीस मिनिटांनी मांड्या बोलू लागतात. कॅराबिनर आपोआप बंद होणारे, उघडायला तीन हालचाली लागणारे. अंगावर २३ किंवा जास्त किलोन्यूटन कोरलेलं असतं ते वाचा. हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट चढणाऱ्यालाही आणि खाली उभ्या असलेल्यालाही. मोटारसायकलचं नको, त्यात मान वर करून बघता येत नाही. पायफासासाठी, म्हणजे पाय घालून उभं राहायच्या फासासाठी, ८ मिलिमीटरची दोरी. फांदीवर दोर घासू नये म्हणून चामड्याची किंवा जाड पाइपची नळी. ही फांदीच्या सालीसाठी जितकी, तितकीच दोरासाठी. शिवाय फेकायची पिशवी, २२५ ते ४५० ग्रॅमची, आणि तिला बांधायची २ मिलिमीटरच्या आसपासची गुळगुळीत दोरी.

जुनं सामान स्वस्तात मिळत असेल तर नको. त्याने काय काय सोसलं आहे ते डोळ्यांनी दिसत नाही.

गाठी पडवीत शिका

तीन गाठी पुरतात. आठची गाठ, प्रुसिक आणि ब्लेक. प्रुसिक ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याची, १९३१ ची. ब्लेक त्या मानाने अलीकडची. दोन्हींचा गुण एकच: वजन नसेल तर हाताने सरकतात, वजन आलं की दोराला चावतात.

सगळी मदार ब्लेकवर आहे, म्हणून ती नीट सांगतो. दोर फांदीवरून खाली आलेला आहे, त्याची दोन टोकं जमिनीवर. एक टोक तुमच्या हार्नेसच्या कॅराबिनरला गाठीने पक्कं होतं, पण गाठीपुढे मीटर-सव्वा मीटर शेपूट मोकळं ठेवायचं. हे शेपूट आता दुसऱ्या बाजूच्या दोराभोवती खालून वर चार वेळा गुंडाळा. पहिले दोन वेढे सैल ठेवा, त्यांत अंगठा घातलात तर सोपं जातं. चौथा वेढा झाला की टोक खाली आणा, हार्नेसकडून येणाऱ्या भागाच्या पुढून न्या, मग मुख्य दोराच्या मागून फिरवा, आणि अंगठा काढून त्याच जागेतून, म्हणजे खालच्या दोन वेढ्यांच्या आतून, बाहेर ओढा. वेढे एकमेकांना चिकटवा. बाहेर आलेल्या टोकाला आठची गाठ मारा, म्हणजे ते निसटणार नाही.

टोक हार्नेसकडच्या भागाला वळसा न घालता थेट आत घातलं तर जवळजवळ तशीच दिसणारी गाठ तयार होते. ती काही वेळ धरते आणि मग उलगडते. नवशिक्याच्या हातून नेमकी हीच होते. म्हणून पडवीच्या खांबाला दोर बांधून रोज रात्री वीस-वीस वेळा मारा, मग दिवा मालवून मारा, मग कुणाशी तरी बोलत मारा. पन्नासातली एक चुकली तरी अजून झाडाची वेळ आलेली नाही.

दोर वर नेणं

इथे माणसं हसतात, चिडतात आणि मग शिकतात. पिशवीची दोरी जमिनीवर ठेवली तर ती प्रत्येक काटकीला गुंतते. घमेलं घ्या आणि त्यात दोरी वरून वर सोडत भरा. फेकली की घमेल्यातून सळसळत जाते. पिशवी दोरीच्या दुहेरी फासात धरा, पाय फाकून उभे राहा, दोन्ही हातांनी ती पायांमधून दोनदा झुलवा आणि तिसऱ्या झोक्याला डोळ्यांच्या उंचीवर सोडा. जोर लावायचा नसतो. विहिरीत कळशी सोडताना असतो तसला सैल हात हवा. सोडण्याआधी "दोर!" असं ओरडायचं, आणि बुंध्याभोवती कुणी नाही हे बघायचं.

माझी पहिली पिशवी एका बेचक्यात अडकली आणि दोन दिवस तिथेच राहिली. मी दोरी ओढत राहिलो, तेवढी ती जास्त रुतली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने दोरी सैल सोडून नुसती थरथरवली आणि पिशवी त्याच्या पायाशी पडली. अडकली की ओढायचं नाही, सैल करून हलवायचं. आणि ताणलेल्या दोरीसमोर तोंड न्यायचं नाही; सुटली तर ती पाव-अर्ध्या किलोची पिशवी सरळ दाताशी येते.

पातळ दोरी हव्या त्या फांदीवर बसली की तिच्या टोकाला मुख्य दोर बांधून, वाटेत संरक्षक नळी ओवून, हळूहळू ओढून घ्या. मग परीक्षा. दोराच्या दोन्ही बाजू एकत्र धरून आधी एकाने, मग दोघांनी मिळून लटकायचं, थोडं उसळायचं, आणि कान फांदीकडे ठेवायचे. करकर आवाज आला, भुसा पडला, फांदी जास्त झुकली, तर दुसरी फांदी.

एकेरी दोर बुंध्याला बांधून दुसऱ्या टोकावर चढण्याची पद्धतही आहे, व्हिडिओत ती फार झटपट दिसते. तिच्यात वरच्या फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, कारण एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच ताण. वर सांगितलेल्या दुहेरी दोरात फांदीला तुमच्याएवढंच वजन. पहिलं वर्षभर दुहेरीच.

चढणं

चढण्याआधी जोडीदाराने तपासायचं, आणि तेही बोटाने शिवून, मोठ्याने बोलत. हार्नेसचे बकल, पायांचे पट्टे, कॅराबिनर बंद आणि कुलूपबंद, आठची गाठ, ब्लेकचे चार वेढे, टोकाची गाठ, हेल्मेटचा पट्टा. मी पंधरा वर्षं करतो आहे तरी पुतण्याकडून तपासून घेतो. त्याने एकदा माझा उघडा बकल पकडला आहे.

आता ब्लेकच्या खाली, त्याच दोरावर, प्रुसिकने पायफास बांधा. दोर घट्ट करून हार्नेसमध्ये बसा. जमिनीपासून वीतभर वर या आणि तिथेच पाच मिनिटं लटका. हात सोडा, दोन्ही. पहिला खरा धडा हाच. ज्याला आयुष्यभर "धर" सांगितलं आहे त्याला हे जमायला वेळ लागतो, माझ्या एका मित्राला तर अख्खी सकाळ लागली.

मग क्रम असा: पायफास गुडघ्यापर्यंत वर सरकवा, त्यात पाय घालून उभे राहा, उभं राहिल्याने ब्लेकखाली ढील येतो, ती गाठ वर सरकवा, बसा. पुन्हा. हातांनी ओढायचं काम थोडं, पायांचं जास्त. दुहेरी दोरात तुम्ही १ मीटर वर जायला हाताखालून २ मीटर दोर जातो, म्हणून वेग कमी वाटतो, पण भारही त्यामुळेच हलका होतो. हातांनी दोर खेचत जाणारी तगडी पोरं सहा मीटरवर दमतात, आणि आमच्या वहिनी, वय पंचावन्न, हरिपाठ म्हणत वर पोहोचतात.

दर तीन मीटरला ब्लेक आणि पायफास यांच्या खालच्या दोरात एक सुटी फासगाठ मारून ठेवायची. ब्लेक घसरलीच तर ती या गाठीवर येऊन अडते. कंटाळवाणं काम आहे. करा. पहिल्या दिवशी चार मीटरच्या वर जाऊ नका, पण तेच चार मीटर पाच वेळा चढा-उतरा. वर पोहोचल्यावर फांदीवर बसावंसं वाटतं, बसा, पण दोर सैल सोडून नाही, आणि काहीही झालं तरी दोरातून सुटायचं नाही. एका फांदीवरून दुसरीवर जाण्यासाठी आधी नवा आधार बांधायचा आणि मग जुना सोडायचा, हे पुढच्या वर्षाचं काम.

उतरणं

उतरायला फासगाठी एकेक सोडत यायचं, आणि ब्लेकच्या वरच्या वेढ्यावर बोटांनी हलका दाब द्यायचा. गाठ सैल होते, तुम्ही खाली सरकता. बोटं उचलली की थांबता.

आणि इथेच आजीची शिकवण आडवी येते. माणूस वेगाने खाली जायला लागला की घाबरतो, घाबरला की हातात असेल ते मुठीत आवळतो, आणि हातात असते ती ब्लेक. आवळलेली, खाली ओढलेली गाठ उघडीच राहते. जितकी घट्ट धराल तितके वेगाने पडाल. मी तिसऱ्या चढाईत सात मीटरवरून हेच केलं. मूठ उघडावी हे डोक्याला कळत होतं, मुठीला नाही. खालच्या फासगाठीने मला थांबवलं, तळहाताची साल गेली, आणि ब्लेकचे वेढे हाताला काचेसारखे गुळगुळीत लागले. नायलॉनवर नायलॉन वेगाने घासलं की इतकं तापतं की पृष्ठभाग वितळतो. तेवढं टोक त्याच दिवशी कापून टाकलं.

म्हणून वीतभर उंचीवर लटकून जोडीदाराने अचानक "सोड!" ओरडायचं आणि तुम्ही हात झटकायचा, असा खेळ पन्नास वेळा खेळा. पोरांना तो फार आवडतो. उतरण्याचा वेग पाखाडी उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा.

खाली कोण

एकट्याने कधीच नाही. खाली असा माणूस हवा ज्याला स्वतःला चढता येतं आणि ज्याच्याकडे दुसरा हार्नेस आहे. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साठतं आणि शुद्ध जाऊ शकते. तो शुद्धीवर असेल तर पाय हलवत राहायला सांगा, नसेल तर त्याला लवकरात लवकर खाली आणणं एवढंच काम. ते कसं आणायचं याचा सराव आधी झालेला असला पाहिजे, कमी उंचीवर, पोत्यात वाळू भरून. फोनला रेंज कुठे येते तो दगड आधी शोधून ठेवा. १०८ ला सांगायचा पत्ता, गाडी कुठल्या गडग्यापर्यंत येते, हे कागदावर लिहून जोडीदाराच्या खिशात ठेवा.

पिशव्या, दोराचं वेटोळं हे पालापाचोळ्यात ठेवू नका. ताडपत्री अंथरा. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं किती, ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि ते दोराच्या वेटोळ्यासारखंच दिसतं. आंब्याचा चीक, काजूचं तेल अंगाला लागू देऊ नका, लागलंच तर लगेच धुवा.

घरी आल्यावर

खारी हवा ॲल्युमिनियमला खाते. समुद्राजवळ वापरलेले कॅराबिनर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, दाराच्या सांध्यात वंगणाचा एक थेंब टाकून ठेवा. दार आपोआप बंद झालं नाही तर तो कॅराबिनर किल्ल्या अडकवायला. दोर साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, उन्हाने नायलॉन म्हातारं होतं. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ ठेवू नका. माझा एक दोर माळ्यावर नेमका तिच्याशेजारी सहा महिने होता. बाहेरून नवा दिसत होता, पण आम्लाची वाफ सुद्धा नायलॉनला पुरते, त्यामुळे तो बाद केला. उंदीर हा दुसरा शत्रू. पत्र्याच्या डब्यात ठेवा.

दरवेळी वापरण्याआधी सगळा दोर बोटांतून सरकवत बघायचा: कुठे मऊ, कुठे कडक, कुठे चपटा, कुठे आतला पांढरा गाभा डोकावतो. वर्षं मोजा. न वापरता ठेवला तरी दहा वर्षांपुढे बहुतेक कंपन्या आपल्या दोराची जबाबदारी घेत नाहीत.

बाद झालेला दोर फेकवत नाही, हे मला कळतं. आमचा पहिला आता गोठ्यात आहे, गाईचं दावं म्हणून. पण देण्याआधी मी त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे केले, कारण अख्खा दोर गोठ्यात टांगलेला दिसला असता तर पुढच्या मे महिन्यात कुणीतरी तो खांद्यावर टाकून आंब्याकडे निघाला असता.